‘हात ओढल्या गेला’: फिजिओथेरपी सहायकाच्या प्रशिक्षणातलं एक प्रकरण

‘बेड ७. सकाळी ११ वा. रुग्णास खुर्चीत बसवण्यात आले. २० मिनिटे बसला. चांगले सहन केले.’

आमच्या फिजिओथेरपी विभागाच्या नोंदवहीतली ही नोंद. अक्षर वळणदार, शुद्धलेखन बरोबर, खाली तपासल्याची सही माझी. त्याच रात्री दोनच्या सुमारास बेड ७ च्या आबांचा डावा खांदा असा ठणकायला लागला की त्यांनी अख्खा वॉर्ड जागा केला. नोंद खोटी नव्हती. आबा खरंच वीस मिनिटं बसले होते आणि त्या वेळात त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं.

मी लातूर-अंबाजोगाई पट्ट्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. साठ खाटा आणि फिजिओथेरपिस्ट मी एकटी. दरवर्षी एक वर्षाच्या सर्टिफिकेट कोर्सची दहा-अकरा मुलं-मुली प्रत्यक्ष कामासाठी आमच्याकडे येतात. पुढे त्यांनी फिजिओथेरपी सहायक म्हणून काम करावं अशी अपेक्षा असते. या प्रकरणातली मुलगी त्यांतलीच. तिचं, रुग्णाचं, गावाचं नाव मी देत नाही आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

रुग्ण

आबांचं वय एकसष्ट. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात कोरडवाहू चार एकर. उजव्या हाताचे. तंबाखू लहानपणापासून. ब्लडप्रेशर होतं, गोळी ‘डोकं दुखलं तर’ घ्यायचे. नोव्हेंबरातल्या एका पहाटे बाजेवरून उठताना डावी बाजू गेली. गावात याला लकवाच म्हणतात आणि लकव्याचं औषध देणारा माणूस दर दहा-बारा गावांत एक तरी असतोच. आधी त्याच्याकडे नेलं. अंगाला कबुतराचं रक्त लावलं. मग तालुक्याला, तिथून आमच्याकडे. येईपर्यंत दुपारचे चार वाजले. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तो वेळ केव्हाच टळला होता. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या भागातला रक्तपुरवठा तुटल्याचं दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी तपासलं तेव्हा डावा हात पूर्ण लुळा होता. खांद्यात स्नायूची नुसती लकेर हलत होती, बोटांत काहीच नाही. पाय थोडा बरा: गादीवर सरकवता येत होता, उचलता येत नव्हता. डाव्या बाजूला स्पर्श कमी जाणवत होता. आणि या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे आबांचं डाव्या बाजूकडे लक्षच नव्हतं. दृष्टी ठीक होती, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नव्हता. मेंदूचा उजवा भाग दुखावला की हे बऱ्याच रुग्णांत दिसतं. आपल्याकडे ते ताटात लगेच कळतं. आजींनी रीतीप्रमाणे वाढलेल्या ताटात उजवीकडची भाजी संपलेली असायची आणि डावीकडची चटणी, कांदा, लिंबाची फोड जशीच्या तशी. आजी म्हणायच्या, ‘जन्मभर ठेच्याबिगर घास गिळला न्हाई, आता बघा कसे करायलेत.’

मुलगा आणि सून त्या वेळी कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या ऊसतोडीवर होते. निरोप गेल्यावर मुलगा एकटाच आला. नवरा-बायकोच्या जोडीला तोडीच्या भाषेत एक कोयता म्हणतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला कोयता अर्ध्यावर बंद पडला की मुकादमाचे फोन सुरू होतात. पोरगा वॉर्डाच्या जिन्यात उभा राहून दिवसातून चार-पाच वेळा तोच फोन घ्यायचा आणि वर येऊन विचारायचा, ‘मॅडम, आबा बसायलेत का?’ बसायला लागले की घरी नेता येतील, घरी नेले की त्याला परत जाता येईल, असा त्याचा हिशेब.

मुलगी

तीसुद्धा ऊसतोड कामगारांच्या घरातली. आई-बाप दसरा-दिवाळीनंतर गेले की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, आजीजवळ राहून शिकली. बारावीला शास्त्र होतं. फिजिओथेरपीच्या पदवीला प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर मिळतो आणि माझ्या वेळी ती इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची होती. तेवढा काळ आणि तेवढी फी तिच्या घरात बसणारी नव्हती. म्हणून हा कोर्स.

कोर्सात काय शिकवतात ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सकाळी वर्ग: हाडांची नावं, स्नायूंची नावं, यंत्रं. टेन्स आणि आयएफटी ही विजेचा सौम्य प्रवाह देणारी, अल्ट्रासाऊंड आणि डायथर्मी ही खोलवर शेक देणारी, शिवाय मेणाचं भांडं. परीक्षेत यंत्राची आकृती हमखास येते. मुलांचाही सगळा ओढा यंत्रांकडे, आणि त्यात त्यांची चूक नाही. आमच्या भागात रुग्ण ‘करंट’साठी येतो. नुसता हात लावून, बसवून, उठवून पाठवलं तर ‘काहीच केलं नाही’ म्हणतो. तालुक्याच्या गावी एका गाळ्यात दोन यंत्रं मांडून बसलेला माणूस डॉक्टर म्हणवून घेतो आणि त्याचं चालतंही.

रुग्णाला खाटेवरून खुर्चीत घेणं अभ्यासक्रमात आहे: एक पान, एक आकृती. प्रात्यक्षिक एकमेकांवर होतं, म्हणजे धडधाकट मुलगी धडधाकट मुलीला उठवते. उठणारी स्वतःच्याच पायांवर उठते आणि दोघींना वाटतं, जमलं.

इथे एक बाजूची गोष्ट. अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट हा स्वतंत्र पेशा १९६० च्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला. दोन वर्षांची पदवी, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना. हा सहायक थेरपिस्टने आखलेले उपचार देतो. रुग्णाची पहिली तपासणी आणि उपचारांची आखणी करत नाही. आपल्याकडे अशी घट्ट चौकट नव्हती. राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या २०२१ च्या कायद्याने पहिल्यांदा तास मोजले. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचं शिक्षण, आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तास. आमच्या मुलीचा कोर्स एका वर्षाचा. म्हणजे उद्या तिच्या हातात कागद असेल, पण या व्याख्येत ती बसत नाही. तरी जिल्ह्यातल्या रुग्णालयांत आणि लोकांच्या घरी रुग्णाला रोज हात लावणारी माणसं तीच आणि तिच्यासारखीच आहेत. मी ज्या रुग्णाला पंधरा दिवसांतून एकदा पाहते, त्याला ती पंधरा दिवस रोज हलवते.

पाचवा दिवस

आता प्रसंग. ओपीडी तुंबली होती. गुडघ्यांची रांग पायऱ्यांपर्यंत गेली होती. मी वॉर्डातून घाईने जाताना तिला म्हणाले, ‘आज बेड सातला खुर्चीत बसवून घे.’

एवढंच. कुणाला बरोबर घे, कुठल्या बाजूने घे, कुठे धर, यातलं काही मी बोलले नाही. तिला कामावर येऊन दोन महिने होत आले होते; मी गृहीत धरलं.

पुढे काय झालं ते मी तिच्याकडून, मुलाकडून आणि शेजारच्या बेडच्या नातेवाइकांकडून जुळवलं. ती वॉर्डातल्या मामांची वाट पाहत होती. मामा म्हणजे आमचे तीस वर्षांचे जुने कर्मचारी, मोठ्या रुग्णांना हलवायला त्यांच्याशिवाय पान हलत नाही. ते एका रुग्णाला एक्स-रेला घेऊन गेले होते. मुलगा म्हणाला, ‘ताई, मी हाय की. कितीक वजन हाय आबाचं!’ खुर्ची खाटेच्या डाव्या अंगाला होती, कारण उजवीकडे सलाईनचा स्टँड. मुलाने उजव्या काखेत हात घातला, हिने डाव्या. ‘एक, दोन, तीन.’ आबांचा डावा पाय जमिनीवर टेकलाच नाही, तो खुर्चीच्या चाकाला अडकला. आबा डावीकडे कलंडले. ती घाबरली आणि हाताला जे लागलं ते धरून तिने वर खेचलं. हाताला लागलं होतं आबांचं डावं मनगट.

पडले नाहीत. खुर्चीत बसले. मुलाने फोटो काढून बायकोला पाठवला.

दुखलं असतं तर आबा ओरडले असते, असं तिला वाटलं. कुणालाही वाटेल. पण ज्या बाजूची मेंदूला खबरच नाही, ती बाजू ओढली जात असताना आबा सलाईनच्या स्टँडकडे बघत होते. चांगले सहन केले!

त्या सांध्यात काय होतं ते थोडं सांगायला हवं. खांद्याची खोबण उथळ आहे. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात मावत नाही, नुसता टेकतो. त्याला जागेवर धरतात ते भोवतालचे स्नायू. ते लुळे पडले की हाताचं सगळं वजन सांध्याच्या पिशवीवर आणि अस्थिबंधांवर येतं. माणसाच्या एका हाताचं वजन शरीराच्या साधारण पाच टक्के. आबा साठ किलोचे, म्हणजे तीन किलोचं ओझं रात्रंदिवस लोंबतंय. त्यात मनगट धरून झटका दिला तर तो अडवायला आत कुणीच जागं नसतं. काखेत हात घालून उचलणंही त्याच जातीचं: गोळा वर ढकलला जातो आणि सगळं मऊ मांस दोन हाडांमध्ये चेपलं जातं.

सकाळ

दुसऱ्या दिवशी राउंडच्या आधी ती माझ्या खोलीबाहेर उभी होती. रात्रीचा प्रकार तिला नर्सकडून कळला होता.

‘मॅडम, काल आबांचा हात ओढल्या गेला.’

मी विचारलं, ‘कुणाकडून?’

ती गप्प. मग म्हणाली, ‘मी ओढला.’

तिला बोलतं करायला मला ते विचारावं लागलं. पण नंतर त्या वाक्याने माझीच पाठ सोडली नाही. आपल्या भाषेत ही सोय आहे. हात ओढला जातो, व्यायाम देण्यात येतो, रुग्णास बसवण्यात येते. कर्ता कुठेच नसतो. ती नोंद लिहायला मीच शिकवली होती, कारण मला माझ्या कॉलेजात तशीच शिकवली होती. नोंदीत कर्ता आणायचा तर पहिलं वाक्य असं झालं असतं: मॅडमनी कसं ते न सांगता बसवायला सांगितलं.

आबांना तपासलं. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली माझी दोन बोटं आत जात होती. उजवीकडे एकही जात नव्हतं. हात बाजूने जरा वर नेला की चेहरा आक्रसायचा. ‘लई कळ मारायलीय,’ म्हणाले. हाताची त्यांना दखल नसली तरी कळ पोचली होती. एक्स-रेत हाड मोडलेलं नव्हतं, सांधा पूर्ण निखळलेलाही नव्हता. गोळा खाली सरकला होता, एवढंच.

मग तो त्या झटक्यानेच सरकला का? याचं उत्तर प्रामाणिकपणे देता येत नाही, आणि त्याला कारण मी. पहिल्या तपासणीत मी ताकद मोजली, स्पर्श तपासला, खांद्याखाली बोट घालून फट पाहिली नाही. लुळा हात पहिल्या आठवड्यात आपल्या वजनानेही खाली उतरतो. पाच दिवस तो खाटेवर बिनउशीचा पडला होता, चहा पाजताना आजी त्याच हाताला धरून आबांना वर सरकवत होत्या, रक्तदाबाचा पट्टाही त्याच दंडाला बांधला जात होता. मुलीचा झटका हा यांतला एक. दुखणं त्या रात्री सुरू झालं म्हणून सगळं तिच्या माथी मारणं सोपं होतं, आणि डॉक्टरांच्या राउंडमध्ये तसा सूर निघालाही. ‘या पोरींना कशाला हात लावू देता?’ मी तिथे सांगितलं की सूचना माझी होती आणि अपुरी होती. दहा मिनिटं वातावरण तापलं. मग पुढच्या बेडकडे गेले सगळे.

मुलगा मात्र रागावला नाही, उलट शरमला. ‘मीच घाई केली’ म्हणत राहिला.

मामा आणि सोलापुरी चादर

त्या दुपारी मी तिला आणि तिच्या तुकडीला खाली बसवून शिकवायला घेतलं. पुस्तकातली आकृती फळ्यावर काढली. मामा दारात उभे होते. थोडा वेळ ऐकून म्हणाले, ‘मॅडम, चित्र पुसा आणि चादर द्या.’

मामांकडे कसलंही सर्टिफिकेट नाही. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, तेव्हा ते विशीतले होते. ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसांना ट्रकमधून उतरवायला जी पोरं गेली त्यांत ते होते. हात किंवा पाय धरून माणूस उचलायचा नसतो, हे ते तिथे शिकले, आणि कसे शिकले ते ते सांगत नाहीत.

त्यांनी सोलापुरी चादर लांबट घडी घालून आबांच्या बुडाखालून मागून घेतली, दोन्ही टोकं पुढे आणली. खुर्ची उजव्या अंगाला आणली, खाटेला जराशी तिरपी, ब्रेक लावून, आणि सलाईनचा स्टँड पलीकडे सरकवला. चांगल्या बाजूकडे घ्यायचं, म्हणजे चांगला पाय वाट दाखवतो. आबांचे दोन्ही तळवे जमिनीवर, टाचा गुडघ्यांच्या जराशा मागे. मामांनी स्वतःचे गुडघे आबांच्या डाव्या गुडघ्याला टेकवले, तो मुडपू नये म्हणून. डावा हात आबांच्याच मांडीवर, उजव्या हाताने धरलेला. ‘आबा, माझ्या खांद्यावरून पलीकडच्या खिडकीकडं बघा. वाका. आणखी वाका.’ नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं आणि बूड आपोआप हलकं झालं. चादर नुसती वळवली. उचललं असं काही दिसलंच नाही.

मुलीने तीन वेळा मामांच्या जागी उभं राहून केलं. तिसऱ्यांदा ती एकदम हसली आणि म्हणाली, ‘मॅडम, ही मोळीच की.’ मला कळलं नाही. मग तिने सांगितलं: उसाची मोळी डोक्यावर घ्यायची तर लांबून ओढून घेता येत नाही, कंबर जाते. आधी अंगाजवळ घ्यायची, पाय रोवायचे, मग वर. सुट्टीत आई-बापांकडे गेल्यावर ती हे करत आली होती. सहा महिने वर्गात बसून हे तिच्याच अंगात आहे हे आम्हा कुणाला माहीत नव्हतं, विचारलंच नव्हतं.

उपचार म्हणून केलं ते फार नाही. बसताना डावा हात मांडीवर ठेवलेल्या उशीवर, लोंबकळू द्यायचा नाही. झोपताना खांद्याच्या पाठीमागे आणि दंडाखाली घडी. उभं करताना आणि चालवतानाच झोळी, दिवसभर नाही, कारण झोळीत दुमडलेला हात तसाच आखडतो. खांद्याच्या दोन स्नायूंना विजेची उत्तेजना रोज माझ्या देखरेखीखाली. पहिले काही आठवडे याने फट कमी व्हायला मदत होते. म्हणजे यंत्राला माझा विरोध नाही, कृपया गैरसमज नको. हात हलवायचा तर पाठीचं फरं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, आधी हाताने सैल करून, दुखायच्या अलीकडे थांबायचं. शेक बंद. आजी रात्री मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून लावत होत्या. ज्या कातडीला ऊनगार कळत नाही तिथे भाजल्याचं सकाळी फोड आल्यावरच कळतं.

खाटेच्या डोक्याशी मुलीने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं: ‘डावा हात ओढू नये.’ दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आबांच्या डाव्या मनगटात काळा दोरा. आजींनी पाटीचा अर्थ आपल्या परीने घेतला होता: या हाताला काहीतरी लागीर आहे. दोरा राहू दिला. त्यानंतर मनगटाला कुणी हात लावेना, हे तर खरंच.

घर

अकराव्या दिवशी आबा घरी गेले आणि बाराव्या दिवशी मुलगा तोडीवर. मागे आजी आणि आठवीतला नातू. आमच्या रुग्णालयाची गाडी आठवड्यातून एकदा त्या बाजूला जाते. गाडीतून मुलीला पाठवायचं ठरवलं, लिहिलेल्या सूचनांसह: काय करायचं, किती, आणि काय दिसलं तर न करता मला फोन करायचा. एकाच पायाची पोटरी सुजली किंवा गरम लागली, दम लागला, रक्तदाब मी लिहिलेल्या आकड्याच्या वर गेला, खांद्याचं दुखणं वाढलं. हा कागद मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला. त्याआधी सगळं तोंडी.

पहिल्याच भेटीत तिच्या लक्षात आलं की रुग्णालयात जमलेलं घरी जमणार नाही. आबा झोपतात ती सुताची बाज, मधे खोल गेलेली. तिच्यातून धडधाकट माणूसही हात टेकून उठतो. तिने नातवाला घेऊन बाजेवर फळी टाकली, वर वाकळ. बाजेचे पाय विटांवर चढवले. उशा घरात दोनच होत्या, तर वाकळेची घडी दंडाखाली. संडास अंगणाच्या पलीकडे, बसका; मधे उंबरा आणि दोन पायऱ्या. त्याचं काय करायचं ते मला विचारून, खुर्चीची बैठक कापून खाली बादली, अशी सोय झाली.

तिसऱ्या भेटीला गेली तर घराच्या आढ्याला विहिरीची कप्पी टांगलेली. दोरीचं एक टोक आबांच्या डाव्या हाताला फडक्याने बांधलेलं, दुसरं उजव्या हातात. शेजारच्या गावात एकाचा हात असाच ‘मोकळा झाला’ म्हणे. आजी सकाळ-संध्याकाळ शंभर-शंभर वेळा ओढून घेत होत्या, आणि आबा आज्ञाधारकपणे स्वतःचाच हात स्वतः ओढत होते. लुळ्या खांद्याला याच्याइतकं वाईट थोडंच असेल: फरं जागचं हलत नाही, गोळा खाली सरकलेला, आणि हात मात्र डोक्यावर खेचला जातो. आपल्याकडे दवाखान्यांतही ही कप्पी भिंतीला लावलेली दिसते. इतर खांदेदुखीत तिचा उपयोग आहे, म्हणून ती सगळ्यांनाच दिली जाते.

तिथून तिने मला फोन केला. मी ओपीडीत होते, उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिने जे केलं ते तिच्या नोंदीतून, जशीच्या तशी उतरवते:

‘कप्पी मी सोडून ठेवली. आजी नाराज आहेत. आबांचा डावा हात पुढून खांद्याच्या उंचीपर्यंत नेला, तिथं दुखलं, त्याच्यापुढं मी नेला नाही. फट दोन बोटं. आजींना वाकळेवर हात कसा ठेवायचा ते दोनदा करून दाखवलं, एकदा त्यांच्याकडून करून घेतलं. नातवाने जास्त चांगलं केलं. मॅडमना दोन फोन केले, लागले नाहीत. कप्पी बंद ठेवायची का ते मॅडमनी सांगावं.’

संध्याकाळी वाचलं. बंद ठेवायची, असं खाली लिहिलं आणि आजींना स्वतः फोन केला. त्या रुसलेल्याच होत्या. ‘तुमची पोरगी काहीच करू देत न्हाई,’ म्हणाल्या. ‘करंट तरी द्या म्हणावं.’

तीन महिन्यांनी

आबा काठी घेऊन अंगणात चालतात. पावलाला आधाराची पट्टी आहे, ती घालायचा कंटाळा करतात. खांद्याखालची फट एका बोटावर आली आहे, दुखणं हात बाहेर फिरवला की अजून आहे. रात्री झोप लागते. बोटांत पकड आलेली नाही, आणि आता फारशी येईल असं मला वाटत नाही. हे आजींना सांगितलं, मुलाला फोनवर सांगितलं. ताटातल्या डाव्या बाजूचा ठेचा संपतो, निदान नातू समोर बसून ‘आबा, डावीकडं’ म्हणाला तर.

मुलीचा कोर्स मार्चमध्ये संपला. आमच्याकडे सहायकाची मंजूर जागा नाही. ट्रस्टने तिला रोजंदारीवर ठेवलं आहे, कागदावर ‘मदतनीस’ म्हणून. तालुक्यातल्या एका गाळ्यावरून तिला याच्या दुपटीने पैसे देणारी विचारणा आली होती: दोन यंत्रं, बाहेर पाटी, आणि पाटीवर डॉक्टर. ती काय करेल हे मी सांगू शकत नाही. तिच्या घरचा खर्च मला माहीत आहे, त्यामुळे उपदेश केलेला नाही.

नोंदवहीचा नमुना मी बदलला. ‘कोणी केले’, ‘कुठे धरले’, ‘कुठे थांबले’ असे तीन रकाने घातले, आणि ‘सहन केले’ हे शब्द लिहायला बंदी. नवी मुलं कंटाळतात, रकाने भरायला वेळ जातो म्हणतात, आणि गर्दीच्या दिवशी मीही न वाचता सही करते. दर आठवड्याला एकदा तरी हे होतं. अर्धांगाचा रुग्ण आला की पहिल्या दिवशी खांद्याखाली बोट घालून फट लिहायची, हे मात्र चुकलेलं नाही.

जूनच्या तुकडीचा पहिला आठवडा यंत्रांच्या खोलीला कुलूप होतं. मुलांना एकमेकांना उठवायला लावलं, पण उठणाऱ्याचा डावा हात आणि डावा पाय ओढणीने बांधून, म्हणजे त्याला मदत करताच येणार नाही. पहिल्या दिवशी तिघं पडली, गादीवरच. मामा चादर घेऊन मधे उभे होते. शिकवताना ते बोलत फार कमी आणि चुकलं की नुसते ‘च्’ करतात. मुलं त्या ‘च्’ला माझ्यापेक्षा जास्त घाबरतात. आमच्या त्या मदतनीस मुलीने मामांचं शिकवणं मोबाइलवर चित्रित करून ठेवायला सुरुवात केली आहे. मामा पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतात आणि त्यांची जागा भरायची नाही असं ट्रस्टचं ठरलं आहे.